भिंग आणि साठ रुपये

पदवीच्या वर्गातील मुलांना ‘पुढे काय?’ हा प्रश्न पडला, की शास्त्रज्ञांच्या आयुष्यातील गोष्टी सांगायची आपली जुनी पद्धत आहे. त्यांतील एक गोष्ट तपासून पाहू.

रघुनाथ माशेलकर यांचा जन्म १९४३ सालचा, गोव्यातील माशेलचा. वडील लवकर वारले. आई त्यांना घेऊन मुंबईला आली. गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी एकदा मुलांना उन्हात नेऊन बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर कसे काढायचे ते दाखविले. भिंग मागेपुढे करताच कागदावरचा ठिपका लहान, प्रखर झाला आणि कागद जळू लागला. शक्ती अशी एकवटली तर काहीही साधता येते, असे सर म्हणाले. माशेलकरांनी ही आठवण पुढे अनेक व्याख्यानांत सांगितली.

त्यांनीच सांगितलेला दुसरा भाग मात्र वर्गात क्वचितच येतो. १९६० साली ते शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत अकरावे आले, तरी पैशाअभावी शिक्षण सुटण्याची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टने दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ती सहा वर्षे, १९६६ पर्यंत चालली. ते रासायनिक अभियंता झाले, १९६९ मध्ये पीएच. डी. मिळाली आणि १९८९ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

भिंग ऊर्जा निर्माण करीत नाही, आलेली ऊर्जा एका जागी आणते. ढगाळ दिवशी कागद पेटत नाही. तो भिंगाचा दोष नव्हे. नुसती भिंगाची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी फी भरता आली नाही म्हणून थांबला, तर स्वतःलाच कमी समजतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय उघडले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. कोपरगावातही रयतचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना गोष्टी मिळवायला मुंबईला जायला नको. साखर कारखान्यातील केमिस्ट, तालुक्यातील शेती अधिकारी, महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक यांना मुलांनी तीन प्रश्न विचारावेत: हे काम कसे निवडले? पैसा कोठून आला? कोणती वाट बंद झाली? अशा दहा-बारा गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात. एका गोष्टीने उमेद येते. अनेक गोष्टी ताडून पाहिल्या, की वाटा दिसू लागतात.