गिअरबॉक्स ऐकण्याचा इतिहास : करकर, शीळ आणि त्यांच्या जन्मतारखा

गिअरबॉक्समधून अनोळखी आवाज येऊ लागला की आपण विचारतो, काय बिघडले? इतिहासाच्या अभ्यासकाने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा : ही गाडी कोणत्या काळातली? आवाजावरून दोष ओळखण्याच्या प्रत्येक नियमाला जन्मतारीख असते, आणि काही नियम कालबाह्यही होतात. सुरुवात छत्रपती संभाजीनगरातून करू. #थ्रेड

१/ शहरातली पाणचक्की अठराव्या शतकातली. दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून येते आणि खालच्या पात्यांवर आदळते. पात्यांचा उभा दांडा थेट वरचे जाते फिरवतो. झोत एकसारखा, काम एकच, म्हणून मध्ये दातेरी चाकांची गरज नाही.

२/ पेट्रोल इंजिनाचे तसे नसते. ते ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच जोर देते. फार हळू फिरवले तर बंद पडते. गाडीला मात्र जागेवरून सुटायचे असते, घाट चढायचा असतो आणि सपाटीवर धावायचेही असते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये गिअरबॉक्स आला. १८९० च्या दशकात पॅरिसच्या पानार-लव्हासॉर कंपनीत एमिल लव्हासॉरने सरकत्या गिअरची रचना मोटारीत रूढ केली.

३/ या रचनेत वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चाके सरकवून एकमेकांत घुसवावी लागत. गती जुळली नाही की करकर! उपाय म्हणजे डबल क्लच : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून वेग जुळवणे, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर. त्या काळात करकर झाली तर लोक ड्रायव्हरला दोष देत, यंत्राला नव्हे.

४/ १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्पसनची सिंक्रोमेश रचना आली. दात गुंतण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे घर्षण-कडे दोन्ही भागांची गती सारखी करते. तेव्हापासून करकरीचा अर्थ बदलला. एकाच गिअरला आवाज येत असेल तर त्या गिअरचे कडे झिजले असण्याची शंका घ्यावी. सगळ्याच गिअरना येत असेल तर क्लच पूर्ण सुटत नसावा.

५/ याची सोपी परीक्षा आहे. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसते. एवढे थांबूनही करकर झाली तर आतला शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजे क्लच ओढतो आहे. ही परीक्षा न करता गिअरबॉक्स उतरवला तर दिवसाची कमाई आणि मजुरी दोन्ही वाया जातात.

६/ आता शीळ. सरळ दातांच्या चाकांत अख्खा दात एकदम भिडतो, म्हणून ती किंचाळतात. तिरप्या दातांत संपर्क हळूहळू सरकतो, म्हणून ती शांत असतात. आंद्रे सिट्रोएनने मोटारी बनवण्याआधी व्ही आकाराच्या दातांची चाके बनवली होती. त्यांच्या कंपनीच्या चिन्हातले दोन व्ही तिथूनच आले. आजही अनेक गाड्यांचा रिव्हर्स सरळ दातांचा असतो. गाडी मागे घेताना येणारी शीळ हा त्या गाडीचा स्वभाव असतो, आजार नव्हे.

७/ भारतात हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी यांनी मेकॅनिकांच्या काही पिढ्या घडवल्या. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. टॉप गिअरमध्ये शक्ती ले-शाफ्टकडून न जाता सरळ मागे जाई. त्यावरून नियम तयार झाला : खालच्या गिअरमध्ये घरघर आणि टॉपमध्ये शांतता असेल, तर दोष ले-शाफ्ट किंवा त्याच्या बेअरिंगचा.

८/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन आडवे, ओढ पुढच्या चाकांना, आणि प्रत्येक गिअरमध्ये शक्ती दोन शाफ्टांमधल्या दातेरी जोडीतूनच जाते. थेट टॉप गिअर उरला नाही आणि सातव्या पोस्टमधला नियम या गाडीपुरता निकामी झाला. अँबॅसेडरवर शिकलेल्या कानाने हा फरक ओळखला नाही, तर तो चांगला भागही काढून ठेवणार.

९/ जुने आवाज गेले, नवे आले. अँबॅसेडरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना 'धप्' झाले की लांब प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे पाहत. पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाडीत तो शाफ्टच नाही. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना 'टकटक' ऐकू आली तर सी.व्ही. जॉइंट तपासावा.

१०/ दोन परीक्षा मात्र दोन्ही पिढ्यांत टिकल्या. पहिली : न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग. दुसरी : गुणगुण गाडीच्या वेगाबरोबर वाढते आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही टिकते का? तसे असेल तर टायर, चाकाचे बेअरिंग किंवा डिफरन्शियलकडे वळा. वळणावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाच्या बेअरिंगवरचा संशय वाढतो.

११/ १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेकने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. गॅरेजमध्ये त्याचे काम लांब स्क्रू-ड्रायव्हर करतो : टोक आवरणावर, मूठ कानामागच्या हाडाला, फिरत्या भागांपासून दूर. आवाज हवेतून चहूकडे पसरतो, धातूतून मात्र तो उगमाजवळ ठळक येतो.

१२/ संभाजीनगरचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज कारखाना सुरू झाला. दुचाकींचे क्लच बनवणारी एन्ड्युरन्स वाळूजचीच, आणि नीडल बेअरिंग बनवणाऱ्या एनआरबीचा कारखानाही शहरात आहे. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली. ऐकण्यासारख्या यंत्रांचे भागही इथे बनतात आणि ती ऐकणारे कानही इथेच तयार होतात.

१३/ भागांच्या क्रमांकांची नोंद कंपनी ठेवते. कोणता आवाज कोणत्या गाडीत काय सांगतो, याची नोंद बहुतेक वेळा मिस्त्रीच्या डोक्यातच राहते. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींना एकच गिअर असतो, क्लच नसतो. पाणचक्कीसारखी मधली शिडीच उरली नाही की त्या शिडीचे आवाज ओळखणारेही उरणार नाहीत.

१४/ म्हणून तुमच्या भागातल्या जुन्या मेकॅनिकाकडे वही घेऊन बसा. प्रत्येक आवाजासाठी पाच गोष्टी लिहून घ्या : गाडी कोणत्या सालची, कोणता गिअर, क्लच दाबलेला की सोडलेला, इंजिनावर ओढ होती की नाही, आणि उघडल्यावर आत काय निघाले. पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण पहिल्या चारांवरून केलेला तर्क खरा ठरला की खोटा, हे तीच सांगते. (समाप्त)