येरवड्याची वाट

काही गावांच्या नावांना लोकांच्या बोलण्यात निराळाच अर्थ चिकटतो. पुणे परिसरात 'याला येरवड्याला पाठवा' असे कोणी थट्टेने म्हटले किंवा मुंबईकडे 'ठाण्याला पाठवा' असे म्हटले, की ऐकणाऱ्याला वेगळा खुलासा लागत नाही. येरवड्याला तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही आहे. या दोन वास्तू शेजारी उभ्या राहाव्यात, यात एका मोठ्या इतिहासाची खूण आहे. मनाचा तोल गेलेल्या माणसाला सांभाळण्याचे काम शासनाने प्रथम ज्याच्या हाती सोपवले, तो वैद्य नव्हता. तो पोलीस होता.

१८५८ साली भारताचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडून इंग्लंडच्या राणीकडे गेला. त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांविषयी छत्तिसावा कायदा झाला. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य, असे त्यात नमूद होते. दंडाधिकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेई आणि मगच आतला दरवाजा उघडे. इस्पितळावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळींत तुरुंगांच्या निरीक्षकाला पदसिद्ध स्थान होते. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद अशा ठिकाणी ही इस्पितळे चालत. आत जाण्याची वाट मात्र बहुधा चावडी, चौकी आणि कचेरी यांतूनच जाई.

पुढे १९१२ चा कायदा आला. त्याने तपशील सुधारले, पण वाट बदलली नाही. १९२० च्या सुमारास 'असायलम' हे नाव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आले. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षे आपण या परकीय कायद्यावरच भागवले. संसदेने १९८७ साली मानसिक आरोग्य कायदा संमत केला आणि तो अंमलात येण्यास १९९३ चा एप्रिल उजाडला. त्यातही भटकणाऱ्या रुग्णाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे काम पोलिसांचेच होते. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे. एवढी उघड गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, यावरून तोवर काय चालले असेल याची कल्पना यावी.

आज लागू असलेला कायदा २०१७ चा. तो २०१८ च्या मे महिन्यात अंमलात आला. त्याच्या १०० व्या कलमाने जुनी वाट प्रथमच वळवली. भटकणारा मनोरुग्ण आढळल्यास ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला अटक करायची नाही, तर आपल्या संरक्षणाखाली घ्यायचे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत पोहोचवायचे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेण्याचे कर्तव्यही पोलिसांवर आहे. कायद्याची भाषा माणुसकीची झाली. प्रश्न उरतो तो एवढाच की, पोलीस ज्या दारापाशी रुग्णाला घेऊन जाणार, ते दार आहे कुठे?

महाराष्ट्राची भिस्त दीर्घकाळ चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर राहिली आहे. त्यांच्या मंजूर खाटा अशा सांगितल्या जातात: येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५. बेरीज ५,६९५. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती; म्हणजे जवळजवळ वीस हजार माणसांमागे एक खाट. केवळ खाटा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे जाणकारांनी फार पूर्वी ओळखले होते. घराजवळ उपचार मिळावेत म्हणून १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक आजारांच्या रुग्णांपैकी शेकडा ७० ते ९२ जण उपचाराविना असल्याचे दिसून आले. महाराष्ट्र त्या पाहणीतील बारा राज्यांत नव्हता. पण आपले चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही.

ही पोकळी ताथवड्यासारख्या ठिकाणी विशेष जाणवते. मुंबई-बंगळूर महामार्गालगतचे हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत सामील झाले. एका बाजूस वाकड, दुसरीकडे हिंजवडीची संगणक नगरी. शेतांच्या जागी मनोरे उभे राहिले. जुन्या गावात मनाने खचलेला एखादा माणूस असला, तर तो कोणाचा, कोणत्या वाड्यातला, हे सर्वांना ठाऊक असे. त्याचे हाल होत नसत असे नाही. साखळदंड आणि देवऋषी यांच्या हाती सापडलेल्यांच्या कहाण्या गावोगावी आहेत. पण तो अनोळखी नसे. आजच्या ताथवड्यात उड्डाणपुलाखाली बसलेला, स्वतःशीच बोलणारा माणूस कोणाचाच नसतो. तो बिहारचा की बीडचा, हे सांगण्याइतकीही त्याची वाचा ठिकाणावर नसते. मग कोणीतरी पोलिसांना फोन करते आणि आपले कर्तव्य संपले असे समजते.

पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी मिळाले. चाकणचे कारखाने, हिंजवडीच्या कंपन्या, देहू-आळंदीच्या वाऱ्या आणि महामार्गाची वाहतूक एवढा पसारा त्याच्याकडे आला. अशा ठाण्यातील दोन शिपाई एका रुग्णाला घेऊन निघाले की, त्याला समजावणे, न्हाऊ-खाऊ घालणे, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी करवणे, आणि गरज पडल्यास शहराच्या दुसऱ्या टोकाला येरवड्यापर्यंत जाणे, यात त्यांचा दिवस सरतो. मनोविकाराचे शिक्षण त्यांना मिळालेले नसते. रुग्ण बिथरला तर बळ वापरावे की नाही, हे त्यांनी क्षणात ठरवायचे. चुकले तर दोष त्यांचाच. वैद्याची उणीव आपण वर्दीने भरून काढत आलो आणि त्यात रुग्ण व शिपाई दोघेही भरडले गेले.

आत गेलेला बरा झाला तरी बाहेरची वाट सोपी नाही. पुष्कळांना घरचे परत नेत नाहीत. बऱ्या झालेल्या रुग्णांना महाराष्ट्रात भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि ते थांबवण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. याउलट डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणले, औषधोपचार केले आणि कर्जतच्या केंद्रातून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यांतील घरी पोहोचवले. या कार्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनोळखी माणसालाही घर असते आणि ते शोधता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

ख्रिस्तसभेला हे नवे नाही. सोळाव्या शतकात ग्रानाडा शहरात जॉन नावाच्या पोर्तुगीज पुस्तकविक्रेत्याला वेडा ठरवून इस्पितळात डांबण्यात आले. फटके हाच तेथला उपचार होता. तो बाहेर पडला तो सूड न घेता, आपल्या हातांनी रुग्णसेवा उभारण्यासाठी. तोच देवाचा संत जॉन, १६९० साली संतपदी चढवलेला रुग्णांचा आश्रयदाता. बेल्जियममधील घेल गावी संत डिंफना हिच्या यात्रेला आलेले मनोरुग्ण मध्ययुगापासून गावकऱ्यांच्या घरांत राहत आले. ते कुटुंबाबरोबर जेवत आणि कामही करत. मार्कच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणारा, बेड्या तोडणारा माणूस भेटतो. गावाने त्याच्यासाठी साखळदंडांची सोय केली होती. प्रभूने त्याला बरे केले, आणि आपल्याबरोबर येऊ देण्याची त्याची विनंती मान्य न करता त्याला स्वतःच्या माणसांकडे घरी पाठवले. तो घरी पोहोचेपर्यंत त्याचे बरे होणे प्रभूच्या लेखी पुरे झाले नव्हते.

पिंपरीच्या खराळवाडीतील चर्च दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या मारियामातेच्या नावाचे आहे. त्या नावाला जागायचे तर आपल्या धर्मग्रामांना बरेच करता येईल. आजार लपवणाऱ्या कुटुंबाला लाज न वाटू देता डॉक्टरांपर्यंत नेता येईल. मनोरुग्णाचा सांभाळ करणाऱ्यानेच त्याची हेळसांड चालवली असेल तर ते पोलिसांना कळवणे, हे कायद्याने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य दूरध्वनी मदत मिळते; तो आकडा चर्चच्या फलकावर लावण्यास खर्च येत नाही. आणि पोलीस एखाद्या रुग्णाला घेऊन निघाले असतील, तर त्यांच्यासोबत एक माणूस आपलाही असू द्यावा. येरवड्याची वाट दीडशेहून अधिक वर्षे पोलिसाने एकट्याने तुडवली आहे. परतीच्या वाटेवर तरी कोणीतरी सोबत हवे.