उष्ट्याची चटक

१२ ऑगस्ट १९६७, शनिवार. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं ग्लेशियर नॅशनल पार्क. उद्यान १९१० सालचं. तेव्हापासून इथल्या ग्रिझली अस्वलांनी एकही माणूस मारलेला नाही. आदल्या दिवशीच्या विजांनी ठिकठिकाणी वणवे पेटलेत. रेंजर तिकडे गुंतलेत.

रात्री ८ च्या सुमारास, ट्राउट लेक. पाच तरुण मुलं, सोबत कुत्र्याचं पिल्लू. मासे शिजतायत. एक खंगलेलं अस्वल थेट चुलीपाशी येतं. हेच अस्वल उन्हाळाभर लेक मॅकडोनाल्डकाठच्या घरांभोवती हिंडत होतं. तक्रारी गेल्या होत्या, बंदोबस्त झाला नव्हता. परतायचं तर अंधारात डोंगर ओलांडायचा. मुलं तळ्याच्या काठावर सरकतात, मोठी शेकोटी पेटवतात आणि थांबतात.

अंधार पडताना, ग्रॅनाइट पार्क शॅले. डोंगरावरच्या या दगडी विश्रामगृहामागे रोजचं खरकटं टाकतात. कचरा जाळायची भट्टी अपुरी आहे. ग्रिझली येतात, पाहुणे जमून बघतात. अधिकाऱ्यांना हे ठाऊक आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या वाचकाला असं दृश्य नवं नाही. महासमुंद जिल्ह्यातल्या बागबाहऱ्याजवळ घुंचापालीच्या चंडीमातेच्या देवळात अस्वलं येतात, भाविक हातानं प्रसाद भरवतात. आपलं अस्वल वाळवी खाणारं, ग्रिझली नव्हे. पण त्याच जिल्ह्यातल्या जंगलात मार्च २०१६ मध्ये अस्वलानं एका वनकर्मचाऱ्यासह तिघांचा जीव घेतला. प्रसाद भरवणाऱ्या हातांची मला काळजी वाटते.

शॅले भरलेलं आहे. उद्यानात उन्हाळी नोकरी करणारे दोघं, ती १९ वर्षांची, तो १८, खालच्या मोकळ्या जागेत स्लीपिंग बॅग पसरतात. तंबू नाही.

१३ ऑगस्ट, रात्री १२:४५ च्या आसपास. अस्वल दोघांनाही चावतं. निपचित पडून राहायचं, एवढंच त्यांना सुचतं. अस्वल तिला ओढत नेतं. तो जखमी अवस्थेत शेजारच्या मुक्कामाकडे धावतो.

शॅलेतून रेडिओवर निरोप जातो. अंधारात अस्वल कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. बंदूकधारी रेंजर हेलिकॉप्टरनं येईपर्यंत तिचा शोध सुरू होत नाही. हल्ल्याला जवळपास दोन तास झाल्यावर ती सापडते. जिवंत.

२ च्या सुमारास, ट्राउट लेक. अस्वल परत येतं, बिस्किटं उचलून नेतं. मुलं शेकोटीत लाकडं घालतात.

पहाटे ४:१२, शॅले. पाहुण्यांत डॉक्टर होते, त्यांनी शर्थ केली. तिचा मृत्यू होतो.

४:३० च्या सुमारास, ट्राउट लेक. अस्वल पुन्हा येतं. चौघं धावत झाडांवर चढतात. पाचवीच्या स्लीपिंग बॅगची चेन अडकते. तीही १९ वर्षांची. झाडावरून मुलं तिला ओरडून सांगतायत, बाहेर ये. ती सांगते, चेन त्याच्या तोंडात आहे.

उजाडल्यावर चौघं खाली उतरतात आणि मदतीसाठी डोंगराकडे पळतात.

पुढच्या दोन दिवसांत रेंजर अस्वलांना गोळ्या घालतात. ट्राउट लेकच्या अस्वलाच्या पोटात माणसाचे केस सापडतात, दाढांत कचऱ्यातली काच रुतलेली असते. त्यानंतर उद्यानात नियम झाला: अन्न उंच टांगायचं, आणलेला कचरा परत न्यायचा.