चालत्या यंत्रात हात घालताना



गिरणीचा पट्टा फिरत असताना त्याला हात लावू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. आधी मोटर बंद करायची, मग पट्टा चढवायचा. शहाणपण त्यातच आहे. पण काही यंत्रं अशी असतात की ती बंद करायची सोय नसते. बंद केली तर माणसं जातील, नाहीतर वर्षानुवर्षांचं काम वाया जाईल. मग चालत्या यंत्रातच दुरुस्ती करावी लागते. अशा दुरुस्त्या माणसांनी कशा केल्या, त्यात हात कसा सांभाळला, याचा इतिहास आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. या इतिहासात बायांच्या हातचं कामही आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये, अगदी आपल्या हातातल्या मोबाईलमध्येही, एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नल म्हणतात, म्हणजे दाण्यातला गाभा. लग्नघरात मोठा स्वयंपाक चाललेला असतो, तेव्हा एक जाणती बाई सगळ्यांना कामं वाटून देते. कोणती शेगडी कोणाला, आधी काय चढवायचं, कोणी थांबायचं, हे ती ठरवते. कर्नलचं काम तसंच. त्या बाईचाच गोंधळ उडाला तर सगळी पंगत खोळंबते. म्हणून गाभ्यातली दुरुस्ती सगळ्यात जोखमीची.

आता साठ वर्षं मागे जाऊ. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठवायचं ठरवलं होतं. त्या मोहिमांचं नाव अपोलो. यानाला वाट दाखवणारा कॉम्प्युटर केंब्रिज शहरातल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत आखला गेला. त्याचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या. आणि ते प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घातले गेले ते जवळच्याच वॉल्थम गावात, रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात. तिथे बाया ते प्रोग्रॅम अक्षरशः विणत होत्या.

विणत होत्या म्हणजे काय? बारीक चुंबकी कड्यांची रांग असायची. सुईने तांब्याची बारीक तार ओवायची. तार कडीच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. कॉम्प्युटरची सगळी भाषा या एक आणि शून्याचीच. कोणत्या भोकातून तार घालायची, ते मशीन पुढ्यात आणून दाखवी. ओवायचं काम बाईच्या हाताचं. एक प्रोग्रॅम विणून पुरा व्हायला कित्येक आठवडे लागत. पुन्हा पुन्हा तपासणी होई. या बायांपैकी काही कापड गिरणीतून, काही घड्याळाच्या कारखान्यातून आलेल्या होत्या. इंजिनिअर मंडळी गमतीने याला ‘म्हाताऱ्या बायांची मेमरी’ म्हणत. नाव थट्टेचं होतं, पण अंतराळवीरांचा जीव त्या विणीवर टांगलेला होता.

या विणीचा गुण असा की ती पुसली जात नसे. वीज गेली, यान हादरलं, तरी विणलेलं तसंच राही. दोषही तोच. यान एकदा निघालं की विणीतला एक टाकासुद्धा बदलता येत नसे. त्या कॉम्प्युटरमध्ये अशा विणलेल्या जागा ३६,८६४ होत्या. त्यांच्या जोडीला २,०४८ जागा पाटीसारख्या होत्या. तिथे लिहिता येई, पुसता येई. कोणतं काम चालू आहे, यान किती उंचीवर आहे, अशा येत्या-जात्या गोष्टी कॉम्प्युटर या पाटीवर मांडून ठेवत असे.

आता १९७१ सालचा ५ फेब्रुवारी. अपोलो १४ चंद्राभोवती फिरत होतं. ॲलन शेपर्ड आणि एडगर मिशेल हे दोघे लहान यानातून चंद्रावर उतरणार होते. आदल्या वर्षी अपोलो १३ ला अपघात झाला होता आणि त्यातले तिघे जेमतेम जिवंत परतले होते. त्यामुळे सगळ्यांचा श्वास रोखलेला. उतरायला काही तास उरले असताना खाली पृथ्वीवरच्या लोकांच्या लक्षात आलं, की ‘उतरणं रद्द’ या बटणाचा इशारा कॉम्प्युटरला मिळतोय. बटण तर कोणी दाबलेलंच नव्हतं! मिशेल यांनी बटणाशेजारी टकटक केलं, इशारा गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. बटणाच्या आत डाख लावताना सुटलेला धातूचा कण तरंगत असावा, असा अंदाज निघाला.

इंजिन पेटण्याआधी हा इशारा आला तर बिघडत नव्हतं. पण उतरताना आला असता तर कॉम्प्युटरने तो खरा मानला असता आणि यान पुन्हा वर नेलं असतं. मोहीम तिथेच संपली असती. बटण उघडून बघायची सोय नाही, विणलेला प्रोग्रॅम बदलायची सोय नाही, आणि कॉम्प्युटर बंद करून उतरता येत नाही.

उतरण्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी डॉन आइल्स हे तेव्हा केंब्रिजमध्येच होते. त्यांनी प्रोग्रॅम वाचायला घेतला. विणीला हात लागणार नव्हता, पण ती वीण निर्णय घेताना पाटीवर काय बघते, हे त्यांना माहीत होतं. बटणाचं ऐकण्याआधी प्रोग्रॅम पाटीवरच्या दोन गोष्टी तपासत असे. एक, बटणाचं ऐकायची परवानगी आहे का, याची खूण. दुसरी, सध्या कितव्या नंबरचा प्रोग्रॅम चालू आहे. उतरणं रद्द करण्याचा प्रोग्रॅम आधीच चालू असेल, तर बटणाकडे पुन्हा बघायचं कारण नाही.

परवानगीची खूण पुसली की काम झालं, असं कोणालाही वाटेल. पण इंजिन पेटताना प्रोग्रॅम ती खूण आपणहून पुन्हा मांडत असे. म्हणजे पेटल्यानंतरच पुसायची, आणि मधले काही क्षण उघडे राहणार. त्या क्षणांसाठी आइल्स यांनी तात्पुरती तोड काढली. नंबरच्या जागी उतरण्याचा ६३ असे, तिथे आधीच ७१ लिहायचा. ७१ हा उतरणं रद्द करण्याच्या प्रोग्रॅमचा नंबर. कॉम्प्युटरला वाटेल रद्द करणं चालूच आहे, आणि तो बटणाकडे बघणार नाही.

पण एका ठिकाणी खोटं लिहिलं की दुसरीकडे त्याचा परिणाम होतोच. नंबर चुकीचा असल्यामुळे इंजिनाचा जोर वेळेवर आपोआप वाढणार नव्हता. तो अंतराळवीरांनी हाताने वाढवायचा, असं ठरलं. मग परवानगीची खूण पुसायची, आणि लगेच ७१ काढून ६३ परत लिहायचा. जे तात्पुरतं बदललं, ते जागच्या जागी परत. बटण मात्र उतरेपर्यंत मुकंच राहणार होतं. खरोखर रद्द करायची वेळ आलीच, तर ते कळपाटावर टाइप करून करायचं, हेही आधीच सांगून ठेवलेलं. हा सगळा क्रम पृथ्वीवर नकली यानाच्या कॉम्प्युटरवर चालवून बघितला. मग एकेक आकडा वर वाचून दाखवला. वर तो एकेक करून दाबला गेला. अपोलो १४ ठरलेल्या जागी सुखरूप उतरलं.

या दुरुस्तीत विणीला कोणी धक्का लावला नाही. त्या बायांनी घातलेला प्रत्येक टाका जिथल्या तिथे होता, म्हणून तर पाटीवर काय लिहिलं की काय होईल, हे खात्रीने सांगता आलं. पाया भरवशाचा असेल तरच वरची दुरुस्ती जमते.

दुसरी गोष्ट सव्वीस वर्षांनंतरची. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर नावाचं यान मंगळावर उतरलं. यात माणूस नव्हता. काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागला. जमवलेली माहिती जात नव्हती, पण त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जाई. पृथ्वीवरून सांगितलेला शब्द तिथे पोहोचायला दहा-अकरा मिनिटं लागत.

हा बिघाड गाभ्यातला होता. आपल्या भाषेत सांगतो. समजा, गटाच्या पेटीची किल्ली धाकट्या सभासदाच्या हातात आहे. तिला फक्त एक नोंद करून किल्ली परत द्यायची आहे. खजिनदार बाईंना दवाखान्यासाठी तातडीने पैसे काढायचेत, त्या किल्लीसाठी थांबल्यात. पण मधल्या बायका धाकटीला सारख्या हाका मारतात, पाणी आण, सतरंजी घाल. ती धाकटी, त्यामुळे उठतेच. नोंद पुरी होत नाही, किल्ली सुटत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम अडून बसतं. मंगळावर धाकटी म्हणजे हवामानाची नोंद घेणारं काम होतं. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही, हे दिसलं की कॉम्प्युटर घाबरून सगळंच नव्याने सुरू करायचा.

यावर उपाय माहीत होता. जिच्या हातात किल्ली आहे, तिला तेवढ्यापुरता खजिनदार बाईंचा मान द्यायचा. मग तिला मधून कोणी उठवणार नाही. गाभ्यात ही सोय होती, पण त्या किल्लीसाठी ती बंद ठेवलेली होती. शास्त्रज्ञांनी ती लगेच चालू केली नाही. यानाचा जुळा कॉम्प्युटर पृथ्वीवर होता. त्यावर आधी तोच बिघाड घडवून आणला. मग सोय चालू केल्यावर बाकीच्या किल्ल्यांना काय होईल, काम मंदावेल का, हे तपासलं. त्यानंतरच मंगळावर बदल पाठवला, तोही सगळा प्रोग्रॅम नव्हे, जेवढा फरक तेवढाच. तो लागू करण्याआधी यानावरच्या प्रोग्रॅमनेही त्याची खातरजमा केली. यान पुढे नीट चाललं.

बिघाड सापडला कसा? आत काय चाललंय याची नोंद घेणारी साधनं प्रोग्रॅम लिहिताना आतच ठेवलेली होती. यान उडवताना ती काढून टाकली नव्हती. जे तपासलं तेच उडवायचं, हा त्यांचा नियम होता. उतरण्याआधीच्या चाचण्यांत हा बिघाड दिसला होता, पण पुन्हा घडवून दाखवता आला नव्हता. नोंदी ठेवणारी साधनं आत होती, म्हणून नंतर का होईना, कारण हाती लागलं.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची. लिनक्स नावाचा एक गाभा आहे. आपल्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये तोच असतो. जगातल्या मोठमोठ्या कॉम्प्युटरमध्येही तो असतो. फोन आपण बंद करून चालू करतो. पण ज्या कॉम्प्युटरवर हजारो लोकांचं काम एकाच वेळी चालू आहे, तो बंद करणं अवघड. आणि दुरुस्ती लांबणीवर टाकली की चोराला वाट मोकळी राहते. २००८ साली, त्याच एमआयटीमधून, केस्प्लाइस नावाची पद्धत पुढे आली. गाभा चालू असतानाच, जुन्या कामाच्या दारात ‘आत येऊ नका, नव्या वाटेने जा’ अशी पाटी लावायची. पण पाटी लावताना जुन्या घरात कोणी अर्ध्यावर असेल तर त्याची फजिती होईल. म्हणून क्षणभर, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, सगळ्यांना थांबवून बघायचं. आत कोणी नसेल तरच पाटी लावायची. असेल तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न. २०१५ साली अशा दुरुस्तीची सोय लिनक्समध्येच आली.

मैत्रिणींनो, चंद्र, मंगळ आणि लिनक्स यांच्या गोष्टी वेगळ्या, पण शिस्त एकच. आधी जुळ्यावर करून बघा. जेवढं लागेल तेवढंच बदला. कोणी अर्ध्या कामात असेल तर थांबा. परत फिरायची वाट राखा, आणि केलेलं लिहून ठेवा. आपल्या गटाच्या वहीत आकडा चुकला तर आपण खोडरबर घेत नाही. एक रेघ मारतो, बरोबर आकडा वर लिहितो, सही करतो. जुना आकडा वाचता येतो, नवाही दिसतो. उद्या कोणी तुमच्या गटाचा हिशेब मोबाईलच्या ॲपवर न्यायला आलं, किंवा चालू ॲपमध्ये बदल करायला आलं, तर बिचकू नका. हेच प्रश्न विचारा. आधी कुठे करून बघितलं? काय काय बदलणार? चुकलं तर जुनं परत कसं येणार? नोंद कुठे राहणार? चंद्रावर यान उतरवणाऱ्यांनीही एकमेकांना हेच विचारलं होतं.