कणीस माणसाला, कडबा जनावराला

युरोपच्या उत्तरेकडील थंड व निकस जमिनीत राय नावाचे धान्य पिकते. जर्मनी, पोलंड व रशिया या देशांतील शेतकऱ्याची काळी भाकरी कित्येक शतके याच धान्याची होती. पुढे गहू स्वस्त झाला, लोकांची रुची पालटली, आणि रायचा मोठा हिस्सा माणसाच्या ताटातून निघून डुकरांच्या व गुरांच्या गव्हाणीत जाऊन पडला. धान्याच्या इतिहासात अशी स्थित्यंतरे नेहमीच होत आली आहेत. महाराष्ट्रात या रायची जागा ज्वारीने भूषविली. परंतु तिची कथा काहीशी निराळी व अधिक गुंतागुंतीची आहे.

निराळेपणाचे कारण त्या ताटातच आहे. ज्वारीच्या एका ताटावर दोन जीवांचा हक्क असे. कणीस माणसाचे, कडबा जनावराचे. भाद्रपद-आश्विनात काळ्या जमिनीच्या ओलीवर पेरलेली रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात निघे. ताटे मुळासकट उपटावयाची, कणसे खुडून खळ्यावर न्यावयाची, आणि कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचावयाची, असा तो क्रम होता. ज्याच्या परसात गंजी उंच, त्याचे घर भरलेले, असे गाव समजे. पीक फसून कणीस भरले नाही तरी ताटे उभी राहत, बैल जगत, आणि बैल जगला म्हणजे पुढील पेरणीची आशा उरे. फक्त कोवळ्या ज्वारीचे भय असे. पावसाने ताण दिला म्हणजे कोवळ्या ताटांत आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत विष उतरते, आणि गुरांना किरळ लागते, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक होते.

पुण्याहून नगरच्या वाटेवर असलेल्या वाघोलीला या विषयाचा जुना संबंध आहे. शाहू छत्रपती व पहिला बाजीराव यांच्या काळातील नामांकित सरदार पिलाजी जाधवराव यांचे हे ठाणे. वाघेश्वराचे देवालय व जाधवरावांची समाधी त्या वैभवाची साक्ष आजही देतात. मराठ्यांचे बळ घोडदळात होते, आणि घोडदळाचे बळ चंदी-वैरणीत. चंदीला प्रामुख्याने हरभरा लागे. वैरणीस गवत व कडबा. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरा. ती संपली म्हणजे शिपाई रयतेचे घर लुटतील, आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. उंदराने जळती वात ओढून नेली तर गवताला आग लागेल, एवढी बारीक सूचनाही त्यात आहे. वैरण हा राज्यकारभाराचा प्रश्न होता, हे यावरून ध्यानी येते.

इंग्रजी अमदानीत घोड्यांची जागा हळूहळू गौण झाली. बैलाची मात्र कायम राहिली. १८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा हे दोन्ही दुष्काळ अन्नाचे तितकेच वैरणीचेही होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर १९२१ साली त्यांनी व ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी पुढे आणली. ते गाव वाघोलीपलीकडे, त्याच नगर रस्त्याच्या पट्ट्यातले.

खरा पालट १९६० नंतर झाला. १९६४ साली सी. एस. एच. १ हे पहिले संकरित वाण आले. दाणा विपुल, पण ताट बुटके आणि कडबा कमी. शिवाय खरिपाच्या या ज्वारीवर काढणीच्या वेळी पाऊस पडला म्हणजे दाणा काळा पडे, आणि असा दाणा भाकरीऐवजी पशुखाद्याकडे व मद्यार्काकडे वळे. सोलापूर-नगरकडील गृहस्थाने मात्र मालदांडीची उंच, पांढरी ज्वारी सोडली नाही. कारण तिच्यात भाकरीची गोडी व गुरांची वैरण दोन्ही होती. १९७२ च्या दुष्काळात दैवगती उलटी फिरली. अमेरिकेत जी तांबूस मिलो जनावरांना घालतात, ती येथे रेशनच्या दुकानातून माणसांच्या ताटात आली. त्या भाकरीची आठवण जुन्या पिढीने कधी विसरली नाही.

पुढे गोठाही बदलला. वाघोलीपासून फार दूर नसलेल्या उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली संस्था स्थापून संकरित गाईंचा प्रसार केला. भरपूर दूध देणाऱ्या या गाईला नुसता कडबा पुरत नाही. तिला हिरवा चारा, पेंड व मुरघास हवा. कोंबडीपालनाचा धंदा वाढला, तोही मक्यावर. कारण मका स्वस्त पडतो आणि अंड्याच्या बलकाला पिवळा रंग देतो. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. अशा रीतीने कडब्याचे गिऱ्हाईक घटले, व ज्वारीचे क्षेत्रही आटले. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक असलेले हे क्षेत्र आता २० लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे.

नवल असे की, पीक घटूनही कडब्याची किंमत घटली नाही. टंचाईच्या साली कित्येकदा दाण्यापेक्षा ताटाचीच चौकशी अधिक होते. २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, व तेथे पुष्कळ ठिकाणी गुरांपुढे ऊस टाकला गेला. पाणी पिणाऱ्या पिकाने पाण्याच्या दुष्काळात गुरे जगवावयाची, ही विसंगती साऱ्यांनी पाहिली.

२०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत सामील झाली. जेथे घोडदळाच्या वैरणीची चिंता वाहिली गेली, तेथे आता इमारतींच्या रांगा आहेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि शहरातील सुशिक्षित घरांत ज्वारीची भाकरी पुन्हा आरोग्याचे अन्न ठरली. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु दाण्याला मान देताना ताटाचा विसर पडू नये. कोरडवाहू शेतकऱ्याने ज्वारी पेरली ती एका पोटासाठी नव्हे. आणि ती पुन्हा पेरावी असे वाटत असेल, तर भाकरीच्या भावाबरोबर कडब्याचाही हिशेब मांडावा लागेल.