कतरिना यायच्या आधी भरून ठेवलेले ४५ ट्रक

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा या आठवड्याचा एपिसोड, थोडा साफसूफ करून.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मी पुण्यात बसून एका मालवाहतूक कंपनीचं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर सांभाळत होतो. पहिलीच नोकरी. स्क्रीनवर प्रत्येक ट्रकचा एक हिरवा ठिपका. दुपारी माणगावजवळचा एक ठिपका राखाडी झाला. नेटवर्क गेलं, गाडी उलटली, की ड्रायव्हरकाका सुखरूप कुठेतरी थांबलेत, काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. गाडी पेट्रोल पंपाच्या भिंतीआड लावली होती. तो निर्णय त्यांचा स्वतःचा. आमच्याकडून "थांबा" असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात बसलंय: वादळ येणार हे काही दिवस आधी कळतं, मग शेकडो गाड्या असलेली माणसं त्या दिवसांत करतात काय?

अमेरिकेत हरिकेन, म्हणजे आपलं चक्रीवादळच, दरवर्षीचं आहे. त्यामुळे तिथल्या ट्रकवाल्यांची बरीच कामं ठरलेली असतात. डिझेलच्या टाक्या आधीच फुल्ल करायच्या, कारण वीज गेली की पंप बंद. गाड्या सखल यार्डातून काढून उंचावर न्यायच्या. रिकामा ट्रेलर सगळ्यात धोक्याचा, कारण वजन नाही आणि बाजू शिडासारखी रुंद, वारा आडवा आला की कलंडतो. एरवी माल नेणाऱ्या ड्रायव्हरला दिवसाला ११ तासच चालवता येतं, पण आणीबाणी जाहीर झाली की मदतीचा माल नेणाऱ्यांना त्यातून सूट मिळते.

ही झाली गाड्या वाचवायची तयारी. पण गाडीत भरायचं काय?

इथे वॉलमार्ट येते. तुम्ही म्हणाल, ते तर दुकान! दुकानच, पण आतून बघाल तर अवाढव्य ट्रकिंग कंपनी: स्वतःचे ट्रक, स्वतःचे ड्रायव्हर. २००४ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडाला चार्ली वादळ बसलं आणि पाठोपाठ फ्रान्सिस निघालं. कंपनीच्या आयटी प्रमुख लिंडा डिलमन यांच्या टीमने चार्लीच्या वेळची बिलं चाळली. बॅटरी-टॉर्च खपणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण डेटात निघालं की वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्स नेहमीच्या सातपट जातात, आणि सगळ्यात जास्त खप बिअरचा! पॉप-टार्ट म्हणजे जॅम भरलेली चपटी पेस्ट्री. ना फ्रिज लागतो, ना गॅस. लगेच तो माल भरून ट्रक फ्रान्सिसच्या वाटेतल्या दुकानांकडे पळाले. माझ्यासारख्याला ही गोष्ट फार आवडते, पण खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली.

२३ ऑगस्ट २००५ ला बहामाजवळ कतरिनाचा जन्म झाला. २५ ला ते फ्लोरिडाला धडकलं, २६ ला मेक्सिकोच्या आखातात शिरलं आणि २८ ला कॅटेगरी ५ झालं. बेंटनविलच्या मुख्यालयात वॉलमार्टची आपत्कालीन खोली होती, प्रमुख जेसन जॅक्सन. एरवी तिथे मोजकी माणसं. आता पन्नासहून जास्त जमली, ट्रकवाले, गोदामवाले, दुकानवाले, सगळे एकाच खोलीत. मेलवर मेल नाही, शेजारच्या खुर्चीला विचारायचं.

२९ ऑगस्टच्या सकाळी कतरिना लुइझियानाला धडकलं. त्याआधीच मिसिसिपीतल्या ब्रुकहेवन गोदामात ४५ ट्रक भरून उभे होते. ब्रुकहेवन न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर. समुद्राचं पाणी तिथवर येणार नाही, पण रस्ता मोकळा झाला की काही तासांत पोचता येईल. माझ्या मते अख्ख्या तयारीत हे अंतर ठरवणं सगळ्यात हुशारीचं. जवळ ठेवाल तर माल बुडेल, फार लांब ठेवाल तर लोक वाट बघत बसतील.

वादळात १२६ दुकानं बंद पडली. दोनेक आठवड्यांत त्यातली पंधराएक सोडून बाकी सुरू झाली.

पण ट्रक पोचला आणि समोर बंद शटर, मग? सीईओ ली स्कॉट यांनी खालपर्यंत निरोप पाठवला होता. मतितार्थ असा, की तुमच्या अधिकाराबाहेरचे निर्णय घ्यावे लागतील, हाताशी असलेल्या माहितीवर घ्या. केनर गावात एका कर्मचाऱ्याने फोर्कलिफ्टने गोदामाचं दार तोडून वृद्धाश्रमासाठी पाणी काढलं. मॅरेरोत पोलिसांना दुकान झोपायला दिलं, कारण कित्येकांची घरंच गेली होती.

उलट सरकारी बाजू बघा. जेफरसन पॅरिश म्हणजे शेजारचा जिल्हा. तिथले प्रमुख ॲरन ब्रुसार्ड यांनी ४ सप्टेंबरला टीव्हीवर आरोप केला, की वॉलमार्टचे पाण्याचे तीन ट्रक फेमाने, म्हणजे केंद्राच्या आपत्ती खात्याने, परत पाठवले.

आता कुणी म्हणेल, मग सगळं कंपन्यांकडेच द्या! थांबा जरा. बिलांच्या डेटात फक्त बिल केलेला माणूस दिसतो. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यांच्याकडे गाडीच नव्हती, असे हजारो लोक सुपरडोममध्ये आणि छपरांवर अडकले. त्यांना बाहेर काढायला बस हव्या होत्या. ते काम सरकारचंच होतं, आणि बस दिवसेंदिवस आल्या नाहीत. भरून ठेवलेले ४५ ट्रक तिथे काय करणार होते?

जाता जाता: निसर्गनंतर आम्ही ड्रायव्हरच्या ॲपमध्ये "मी सुरक्षित थांबलोय" असं एक बटण टाकलं. वर कुणाची परवानगी लागत नाही. अर्थात नेटवर्क गेलं की तेही गेलंच. म्हणून आता वादळाचा इशारा आला, की आदल्या दिवशीच फोन करून विचारतो, "काका, उद्या कुठे थांबणार?"

चला, भेटू पुढच्या आठवड्यात.