भंडारा जिल्हा आणि हातांनी शिकवणारी शाळा

मुलाला काय अडते ते आधी पाहावे, त्यावर उपाय सुचवावा, तो वर्गात करून बघावा आणि अनुभवानुसार सुधारावा, या कार्यपद्धतीला आज शिक्षणक्षेत्रात डिझाइन थिंकिंग म्हणतात. हे नाव नवे असले तरी परिसरातून आणि हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार भंडारा जिल्हा ज्या प्रांतात होता, तिथे १९३७ सालीच मांडला गेला होता. तेव्हापासून तो वेगवेगळ्या योजनांच्या रूपाने शाळांपर्यंत येत राहिला.

त्या काळी भंडारा हा मध्य प्रांत व वऱ्हाडातील मराठी जिल्हा होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी त्याच प्रांतातील वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती गुंफलेले सर्व विषय, ही तिची सूत्रे होती. डॉ. झाकीर हुसेन समितीने त्यांवरून अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शालेय दिवसातले तीन तास वीस मिनिटे तिने या पायाभूत उद्योगाला, म्हणजे मूलोद्योगाला, दिली.

एका उद्योगातून इतर विषय शिकवण्याच्या या रीतीला समवाय म्हणत. सूतकताईचेच उदाहरण घेता येईल. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. मुलाने टकळीवर दिवसभरात १६० तारा काढल्या, तर गुंडी किती दिवसांत भरेल, तिची लांबी किती फूट होईल, हा हिशेब त्याच्या हातातल्या सुतावरच होई. कापूस कुठे पिकतो, यातून भूगोल निघे. कापडाचा व्यापार कसा बदलला, यातून इतिहास.

याच सुमारास प्रांताचे शिक्षणमंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झालेले पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने शाळेसाठी जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. तिच्या शिक्षकांसाठी एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यात प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. योजनेच्या नावावरून मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा राजकीय आधार गेला.

मूलोद्योग शिक्षणाची खरी अडचण मात्र निवडीत होती. स्थानिक परिस्थितीला योग्य असा कोणताही उद्योग घ्यावा, असे झाकीर हुसेन समितीने म्हटले होते. तरी देशभर सर्वाधिक भर सूतकताईवर राहिला. वर्धा आणि वऱ्हाड हा कापसाचा मुलूख आहे. भंडारा धानाचा जिल्हा आहे. इथे कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत, मोहाडी-आंधळगावचे कोसा विणकाम आहे, भंडारा शहरातला पितळी भांड्यांचा व्यवसाय आहे. तलावाची पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम आणि तिथून धानाच्या बांधीपर्यंत येणारे पाणी यांत गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र एकत्र सापडते. परिसर हाच पाया मानणाऱ्या योजनेला प्रत्येक परिसर वेगळा असतो, हे अंमलबजावणीत पेलले नाही.

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण शाळांचा कारभार १९४८ च्या कायद्याने जनपद सभा या स्थानिक संस्थांकडे गेला. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचे पर्व सुरू झाले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, पण जो उद्योग सर्व विषयांचा कणा व्हायचा होता, तो वेळापत्रकातल्या मोजक्या तासिकांपुरता उरला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या. १९९० च्या दशकात किमान अध्ययन क्षमतांवर आधारित अभ्यासक्रम आला आणि केंद्रशाळांची रचना उभी राहिली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आजूबाजूच्या गावांतले शिक्षक एकत्र बसू लागले. आपल्या वर्गात काय जमले, काय फसले, हे सांगण्याची जागा त्यांना मिळाली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आजच्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके राहिले.

२००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०१० पासूनचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांनी मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते असे मानणाऱ्या रचनावादाला बळ दिले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या रचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला. भंडारा जिल्ह्यात लाखनी तालुक्यातील खराशीची जिल्हा परिषद शाळा उपक्रमशील शाळा म्हणून नावारूपाला आली.

रचनावादी वर्गात नेमके काय बदलते, हे एका बेरजेत दिसते. २७ आणि १५ मिळवायचे आहेत. मूल दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मांडते: दोन गठ्ठे सात सुट्या, एक गठ्ठा पाच सुट्या. सुट्या बारा झाल्या की त्यातल्या दहा बांधून चौथा गठ्ठा होतो आणि दोन उरतात. एखादे मूल गठ्ठे सोडून सगळ्या काड्या एकापासून मोजू लागले, तर दशक अजून उमगलेला नाही, हे शिक्षकाला तिथेच कळते. मग तो पुढचा पाठ थांबवून गठ्ठे बांधण्याचा खेळ घेतो. पाटीवरच्या चुकलेल्या उत्तरातून हे कळत नाही.

डिझाइन थिंकिंगची मांडणी या अनुभवाला क्रम देते. अमेरिकेतील आयडिओ या संस्थेने न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल शाळेबरोबर शिक्षकांसाठी तयार केलेल्या संचात शोध, अर्थ लावणे, कल्पना, प्रयोग आणि विकास असे पाच टप्पे आहेत. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या संस्थापक किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या डिझाइन फॉर चेंज उपक्रमात मुलेच आपल्या भोवतीचा प्रश्न निवडतात आणि सोडवतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी अपेक्षा आहे. कोसा विणकरांचा माग आणि पितळकाम करणाऱ्यांची भट्टी यांना शाळेत स्थान देण्याची ही संधी आहे. मागच्या योजना विचारात कमी नव्हत्या. त्या तयार आखून आल्या आणि गावानुसार, मुलानुसार बदलण्याची मोकळीक शिक्षकाला फारशी उरली नाही. ही मोकळीक, तयारीला वेळ आणि फसलेला प्रयोग पुन्हा करून पाहण्याची मुभा शिक्षकाला मिळाली, तरच नव्या पद्धतीचा लाभ वर्गातल्या मुलापर्यंत पोहोचेल.